तांब्या-पितळेवर नाव कोरायचंय आणि स्टीलवर रंगही काढायचेत, फायबर लेझर कुठलं घेऊ? (नाशिक)

भांडीबाजार_नाशिक

नमस्कार मंडळी. आमचं भांडी बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, वडिलांच्या आधीपासूनचं. आहेराच्या भांड्यांवर नाव घालून द्यायचं काम दुकानात पहिल्यापासून चालू आहे, ते इलेक्ट्रिक पेनने हाताने ठिपके ठिपके पाडत, "सप्रेम भेट" आणि खाली नाव गाव तारीख. बाबांचा हात फार सुरेख आहे पण आता डोळ्यांना त्रास होतो आणि लग्नसराईत एकेका पार्टीची पन्नास-शंभर ताम्हणं नाहीतर गडू असतात तेव्हा रात्री उशिरापर्यंत बसावं लागतं, ते मला बघवत नाही म्हणून फायबर लेझर, म्हणजे लेझरच्या किरणाने धातूवर कोरणारं मशीन, घ्यायचं ठरवलंय.

आता माझा गोंधळ असा की मी जिथे जिथे चौकशी केली तिथे प्रत्येकजण वेगळं सांगतोय. एकजण म्हणतो २० वॅट क्यू-स्विच बास, दुसरा म्हणतो मोपा (हे दोन फायबर लेझरचेच प्रकार) घेतल्याशिवाय पैसे पाण्यात, तिसरा डायरेक्ट १०० वॅटवर गेला. मला करायच्यात या गोष्टी: तांब्या-पितळेवर मराठी नावं, गणपती, स्वस्तिक, त्र्यंबकेश्वराच्या मंदिराची रेषाचित्रं. दुसरं म्हणजे २०२७ चा सिंहस्थ येतोय, त्यासाठी तांब्याचे छोटे गंगाजलाचे गडू आणि स्टीलची किचेन, मॅग्नेट, छोट्या ट्रॉफ्या असं काहीतरी ज्यावर रंगीत चित्र असेल. व्हिडिओत बघितलं की स्टीलच्या पट्टीवर निळा जांभळा हिरवा सोनेरी असे रंग शाई न लावता येतात, ते बघून मी वेडाच झालो. ते रंग तांब्यावर पण येतात का? आणले तर गडूवर मोर काढता येईल असं डोक्यात आहे.

बजेट तीन लाखाच्या आसपास, थोडं वर-खाली चालेल पण कर्ज काढावं लागेल. दुकानातच ठेवायचं, मागे छोटी खोली आहे. कुणी वापरत असेल तर खरं खरं सांगा, विकणाऱ्यांचं ऐकून झालंय.

सातपूर_मार्किंग

दादा, चांगलं केलं आधी विचारलंत. माझं सातपूर एमआयडीसीत मार्किंगचं जॉबवर्क आहे, क्यू-स्विच आणि मोपा दोन्ही चालवतो, त्यामुळे जे सांगतोय ते रोजच्या कामातलं आहे.

सगळ्यात आधी तुमच्या मोराचं. तांब्यावर तसे रंग येत नाहीत. पितळेवरही नाही. येतो तो काळा, तपकिरी, गडद लालसर असा शेड, आणि त्याच्यात दोन-तीन छटा काढता येतात एवढंच. निळा-हिरवा-जांभळा हा खेळ स्टेनलेस स्टील आणि टायटॅनियमचा. कारण तिथे रंग म्हणजे रंग नसतोच, लेझरच्या उष्णतेने धातूच्या पृष्ठभागावर ऑक्साईडचा अतिशय पातळ पारदर्शक थर चढतो, काही दहा ते काही शे नॅनोमीटरचा, आणि त्या थराच्या वरून आणि खालून परत येणारा प्रकाश एकमेकात मिसळून आपल्याला रंग दिसतो. थर किती जाड त्यावर रंग ठरतो. बुलेटचा सायलेन्सर जिथे इंजिनातून निघतो तिथे बेंडला सोनेरी-निळी झाक आलेली बघितली असेल ना, तेच आहे हे, फक्त लेझरमध्ये आपण ते ठरवून पाहिजे तिथे पाहिजे तेवढं करतो. म्हणून तो रंग वाकडं धरून बघितलं की बदलतो पण.

आता क्यू-स्विच आणि मोपा. दोन्ही फायबरच, दोन्ही १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचेच, फरक पल्सचा, म्हणजे प्रकाशाच्या एकेका ठोक्याचा. क्यू-स्विचमध्ये पल्सची लांबी फॅक्टरीतून ठरलेली, साधारण १०० नॅनोसेकंद, ती तुम्हाला बदलता येत नाही. मोपात ती बदलता येते, मॉडेलप्रमाणे २ पासून ३५०-५०० नॅनोसेकंदापर्यंत, आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला किती पल्स, ती पण क्यू-स्विचच्या ६०-८० किलोहर्ट्झवरून एकदम शेकड्यात, हजारात जाते. याचा अर्थ काय तर धातू उडवायचा की फक्त तापवायचा हे तुमच्या हातात येतं. रंगासाठी तापवायचं असतं, उडवायचं नसतं. क्यू-स्विचवरही स्टीलवर थोडे रंग काढणारे लोक आहेत, डिफोकस करून म्हणजे फोकस मुद्दाम थोडा हलवून, स्पीड कमी-जास्त करून, मी स्वतः काढलेत, पण आज निळा आला तो उद्या तसाच येईल याची खात्री नाही, गिऱ्हाईकाला शंभर एकसारखे नग देणार असाल तर मोपाच. ॲनोडाईज्ड ॲल्युमिनियमवर खरा गडद काळा पाहिजे असेल तरी मोपाच लागतो, क्यू-स्विचने तो पांढुरका-राखाडी येतो.

आणि आता जी गोष्ट तुम्हाला विकणारा सांगणार नाही. तांब्यावर लेझरने काढलेला काळा मार्क पहिल्या दिवशी फार सुंदर दिसतो. पण तुमचं गिऱ्हाईक ताम्हण घरी नेऊन काय करतं? चिंच लावतं, लिंबू-मीठ लावतं, पितांबरीने घासतं. आंबटाने तांब्याचा ऑक्साईड निघतो हीच तर त्या घासण्यामागची गोष्ट आहे, तर मग तुमचं काळं नावही त्याच्याबरोबर निघून जाणार! म्हणून पूजेच्या भांड्यावर नाव टिकायला हवं असेल तर ते खोल कोरलेलं पाहिजे, म्हणजे घासलं तरी खाचेतून वाचता येईल. बाबांच्या ठिपक्यांची नावं वीस-तीस वर्षं टिकतात ती यामुळेच, ती खाच आहे, डाग नाही.

खोल कोरायला वॅट लागतात. तांबं १०६४ नॅनोमीटरचा ९५ टक्क्यांपेक्षा जास्त प्रकाश परत फेकतं आणि वर उष्णता पण झपाट्याने पसरवतं, त्यामुळे २० वॅटने तांब्यावर खोली यायला एकाच नावावरून पुन्हा पुन्हा फिरवत बसावं लागतं. पितळ त्यामानाने पटकन कोरलं जातं. तुमचं मुख्य काम तांब्या-पितळेचं असेल तर ५०-६० वॅटच्या खाली जाऊ नका असं माझं स्पष्ट मत. १०० वॅट मात्र तुम्हाला कशाला, पातळ पत्र्याचे गडू असतात, एवढ्या उष्णतेने पत्रा वेडावाकडा होतो.

म्हणजे हिशोब असा झाला, खोल नावाला जास्त वॅट, रंगाला मोपा, आणि दोन्ही पाहिजे तर ६० वॅट मोपा. ते तुमच्या बजेटच्या वर जाईल, कोटेशन घ्या. जमत नसेल तर मी म्हणेन आधी ५० वॅट क्यू-स्विच घ्या, नावांचं काम रोजचं आहे, तेच हप्ता भरेल. रंगाचं काम सिंहस्थाच्या हिशोबाने आमच्यासारख्या कुणाकडून करून घ्या आणि ते किती खपतंय ते बघा.

गोदाकाठ_७७

२० वॅट क्यू-स्विच घ्या आणि मोकळे व्हा भाऊ. माझ्या मेहुण्याकडे आहे, पेन, पाण्याच्या बाटल्या, मोबाईल कव्हर सगळं करतो, धंदा जोरात आहे. एवढं टेक्निकल डोकं लावलं तर मशीन कधीच घेऊन होणार नाही.

सातपूर_मार्किंग

गोदाकाठ, बाटल्यांसाठी २० वॅट एकदम बरोबर आहे, त्याला मी नाही म्हणतच नाही. पण बाटलीवर तुम्ही वरचा पावडर कोटिंगचा रंग उडवता, खाली स्टील उघडं पडतं, त्याला ताकद लागतच नाही. इथे तांब्यात खाच पाडायचीय, काम वेगळं आहे. मेहुण्यांच्या मशीनवर यांचा एक गडू लावून बघा आणि मग चिंचेने घासा, लगेच कळेल.

धातूशास्त्र_ताई

मी मेटलर्जीची आहे, अंबडला एका टेस्टिंग लॅबमध्ये काम करते. रंगाच्या बाबतीत दोन गोष्टी सांगायच्या राहिल्यात त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात.

पहिली म्हणजे गंज. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे, वर क्रोमियम ऑक्साईडचा अदृश्य थर असतो तो संरक्षण करतो. लेझरने रंग चढवताना तुम्ही तोच पृष्ठभाग तापवून बदलता, वरच्या थराखालचं क्रोमियम कमी होतं आणि रंगीत भाग साध्या स्टीलपेक्षा लवकर गंज धरू शकतो, विशेषतः रंग जास्त उष्णतेने काढला असेल तर. म्हणून रंगीत मार्किंग शोभेच्या, घरातल्या वस्तूंसाठी ठीक, किचेन, मॅग्नेट, ट्रॉफीची प्लेट. जेवणाच्या ताटाला, पाण्याच्या तांब्याला आतून किंवा जिथे तोंड लागतं तिथे करू नका, आणि घाटावर उन्हापावसात लावायच्या पाटीला तर नकोच. तारेच्या घासणीने तो रंग निघतो हेही गिऱ्हाईकाला विकतानाच सांगा, म्हणजे नंतर वाद नाही.

दुसरी गोष्ट स्टीलचा ग्रेड. बाजारात स्वस्त वस्तू बऱ्याचदा २०२ च्या असतात, त्यात निकेल कमी आणि मॅंगनीज जास्त. लोक चुंबक लावून बघतात पण २०२ आणि त्याहून चांगला ग्रेड ३०४, दोन्हीला चुंबक धड चिकटत नाही, त्यामुळे त्याने काही कळत नाही, मॅंगनीज टेस्टचं केमिकल मिळतं त्याचा थेंब टाकला की २०२ वर लाल होतं, भंगारवाल्यांकडे ती बाटली हमखास असते. ३०४ वर बसवलेलं सेटिंग २०२ वर टाकलं तर निळ्याच्या जागी दुसराच रंग येईल. एवढंच काय एकाच ग्रेडची मॅट फिनिश आणि आरशासारखी फिनिश यातही रंग सरकतो. तर सिंहस्थाचा माल घेताना एकाच लॉटचा, एकाच जाडीचा पत्रा एकदम घ्या, बिलावर ग्रेड लिहून घ्या. आणि पैसे परवडत असतील तर थोडं टायटॅनियम घेऊन बघाच, त्यावरचे रंग इतके स्वच्छ आणि भडक येतात की स्टील त्याच्या जवळपासही नाही, छोटी पेंडंट वगैरे चांगली होतील.

भांडीबाजार_नाशिक

ताई, सातपूरकर, मनापासून आभार. चिंचेचा मुद्दा ऐकून मी आणि बाबा दोघं एकमेकांकडे बघत बसलो, कारण आम्हीच गिऱ्हाईकाला सांगतो चिंचेने घासा म्हणून. बाबा म्हणाले हा माणूस कामाचा आहे, त्याचं ऐक.

तर मोर तांब्यावर नाही, स्टीलवर, हे पटलं. आता पुढचे प्रश्न. एक, गडू गोल असतो, पोटाला फुगीर असतो, त्यावर अक्षर सरळ कसं येणार? दोन, एका रंगीत किचेनला किती वेळ लागतो, कारण त्यावर भाव ठरणार. तीन, मराठी. एका ठिकाणी डेमो बघितला तिथे "श्री स्वप्निल व सौ प्रज्ञा" लिहायला सांगितलं तर जोडाक्षरं सगळी फुटली, वेलांटी भलतीकडे, आणि तो म्हणाला इंग्लिशमध्ये करून देतो. आहेराच्या ताम्हणावर इंग्लिश कोण घेणार?

सातपूर_मार्किंग

वेळेचा हिशोब सोपा आहे, स्वतः करून बघा. समजा ५० बाय ५० मिलीमीटरचा चौकोन पूर्ण रंगवायचाय. रंगासाठी रेषा फार दाट लागतात, धरा ०.००५ मिलीमीटर अंतर, म्हणजे १०,००० रेषा, प्रत्येक ५० मिलीमीटरची, म्हणजे झाला ५०० मीटरचा प्रवास. स्पीड ५०० मिलीमीटर सेकंदाला धरला तर १,००० सेकंद, सोळा-सतरा मिनिटं, आणि वळणाचा वेळ वेगळा. एका किचेनला सतरा मिनिटं म्हणजे धंदा बसला. म्हणून चित्र असं काढायचं की रंग कमी जागेत, बाकी स्टील मोकळं, मोराचे नुसते डोळे आणि पिसाऱ्याचे ठिपके निळे-हिरवे आणि बाकी काळी रेष, की तीन-चार मिनिटांत नग बाहेर. दिसायलाही तेच जास्त छान दिसतं खरं तर, पूर्ण भरलेला रंग पट्टेरी येतो.

रंग बसवायची पद्धत: एका पट्टीवर छोट्या चौकोनांची जाळी काढायची, आडवं स्पीड बदलत जायचं, उभं फ्रिक्वेन्सी, मग दुसऱ्या पट्टीवर पल्स विड्थ म्हणजे पल्सची लांबी. जो रंग आवडला त्याचं सेटिंग वहीत, आणि ती पट्टी जपून ठेवायची. इंटरनेटवर कुणी दिलेलं सेटिंग जसंच्या तसं चालत नाही, लेन्स वेगळी, सोर्स (किरण तयार करणारा भाग) वेगळा, पत्रा वेगळा. फोकस अर्ध्या मिलीमीटरने हलला तरी रंग बदलतो. प्लेट आधी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसायची, बोटाचा ठसा राहिला तर तो रंगात उमटतो. पातळ पत्रा असेल तर खाली ॲल्युमिनियमचा जाड ठोकळा ठेवा, नाहीतर काम पुढे सरकेल तसा पत्रा तापत जातो आणि सुरुवातीचा जांभळा शेवटी हिरव्याकडे जातो.

गडूसाठी रोटरी लागेल, चक म्हणजे भांडं पकडणारा जबडा असलेली, मशीनबरोबरच घ्या, नंतर वेगळी घेताना त्रास होतो. ती भांडं फिरवते आणि अक्षर तुकड्या-तुकड्याने टाकते. पण फुगीर पोटाचा उतार रोटरीने जात नाही, वर-खाली दोन-तीन मिलीमीटरपेक्षा जास्त उतार आला की फोकस सुटतो आणि अक्षर फिकं पडतं, म्हणून नाव गडूच्या सगळ्यात रुंद भागावर एका ओळीत घ्या, दोन ओळी नको. ताम्हणाला काहीच प्रश्न नाही, सपाट आहे, कडेच्या आत टाका.

लेन्सचं पण सांगतो. ११० बाय ११० मिलीमीटर एरियावाली, फोकल लेंग्थ साधारण १६०, ही तुमची रोजची लेन्स. मोठी लेन्स घेतली की एरिया वाढतो पण ठिपका मोठा होतो आणि ताकद पसरते, मग खोली येत नाही. मोठ्या परातीवर काम असेल तर दुसरी लेन्स जोडीला ठेवा.

अक्षरवेल_नाशिक

मराठीचं मी सांगते, मी गंगापूर रोडला लग्नपत्रिका आणि ट्रॉफीचं डिझाईन करते, लेझरवाल्यांना फाईल्स मीच देते. दादा, इंग्लिशवर अजिबात तडजोड करू नका, हे अगदी व्यवस्थित होतं.

ईझीकॅड २, जे बहुतेक मशीनबरोबर येतं, त्यात थेट मराठी टाईप करायला गेलं की जोडाक्षरं फुटतात. मशीनचा काही दोष नाही, सॉफ्टवेअरला देवनागरीची अक्षरजुळणी कळत नाही. म्हणून टाईप तिथे करायचंच नाही. कोरल ड्रॉ किंवा फुकटातलं इंकस्केप, त्यात युनिकोडमध्ये नाव लिहायचं, श्री, ज्ञ, स्व, र्‍ह सगळं नीट आलंय का डोळ्यांनी वाचायचं, मग ते कर्व्हमध्ये बदलायचं म्हणजे अक्षर राहत नाही, आकार होतो. मग त्याची डीएक्सएफ नाहीतर पीएलटी फाईल करून ईझीकॅडमध्ये आणायचं. आकाराला जोडाक्षर फुटायचा प्रश्नच येत नाही.

पण कर्व्ह केल्यावर लगेच पाठवू नका! देवनागरीत प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेचा तुकडा वेगळा असतो आणि ते तुकडे शेजारच्या अक्षरावर थोडे चढलेले असतात. कागदावर छापताना ते दिसत नाही. लेझरमध्ये हॅच (आकाराच्या आत भरायच्या दाट रेषा) भरला की जिथे दोन आकार एकमेकावर चढलेत तिथे एकतर दोनदा जळतं नाहीतर रिकामी फट राहते, आणि शिरोरेषेवर प्रत्येक अक्षरानंतर तो डाग दिसतो. उपाय एकच, कर्व्ह केल्यावर सगळं सिलेक्ट करून वेल्ड (कोरलमधली आकार जोडायची कमांड) करायचं, शब्दाचा एक सलग आकार होतो. काना, मात्रा, वेलांटी सगळं त्यात जोडलं जातं, फक्त अनुस्वार, विसर्ग, नुक्ते असे ठिपके सुटे राहतात, ते राहू द्या. हे एक काम केलं तर तुमची अक्षरं बाजारात सगळ्यात स्वच्छ दिसतील, कारण बरेच लोक ते करत नाहीत.

फॉन्ट निवडताना बारीक रेषेचा नको. भांड्यावर अक्षर सात-आठ मिलीमीटरचं असतं, त्यात "क्ष" आणि "ष्ठ" ची पोकळी भरून जाते. जाडी एकसारखी असलेला, मोकळ्या पोकळीचा फॉन्ट घ्या. आणि एक सुचवू का, बाबांचं अक्षर सुरेख आहे म्हणालात ना, तर त्यांच्याकडून कागदावर काळ्या पेनाने "सप्रेम भेट", "शुभविवाह", "कै. यांच्या स्मरणार्थ", "श्री" असे नेहमी लागणारे शब्द लिहून घ्या, स्कॅन करा, मी त्याचे वेक्टर करून देते. नाव फॉन्टमध्ये आणि बाकीचं बाबांच्या हातचं. तुमच्या दुकानाची ती ओळख आहे, ती घालवू नका.

लाईटबर्न हे दुसरं सॉफ्टवेअर पण गॅल्व्हो मशीनवर, म्हणजे आरशांनी किरण फिरवणाऱ्या अशा मशीनवर, चालतं, शिकायला सोपं आहे, पण त्याचं लायसन्स वेगळं विकत घ्यावं लागतं आणि गॅल्व्होसाठी साधं नाही तर वरचं घ्यावं लागतं. आधी मशीनबरोबरचं शिका.

सिन्नर_जॉबशॉप

सगळे मशीनबद्दल बोलताय, माणसांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. दुकान भांडी बाजारात आहे म्हणजे दिवसभर बायका-मुलं आत-बाहेर, लहान मुलं तर चमचम दिसलं की जवळ येणारच. हे मशीन उघडं ठेवलं तर क्लास ४ चं, म्हणजे सगळ्यात धोकादायक वर्गातलं लेझर आहे, आणि १०६४ ची किरणं डोळ्यांना दिसत नाहीत. दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही, आणि डोळ्याच्या भिंगातून ती थेट मागच्या पडद्यावर एकवटतात, तिथे झालेली इजा परत भरून येत नाही. त्यात तुमचं सगळं काम चकचकीत आणि गोल वस्तूंवर, पितळेच्या पॉलिश केलेल्या पोटावरून किरण कुठल्या कोनात उडेल सांगता येत नाही.

म्हणून बंद कॅबिनेटचंच मशीन घ्या, दार उघडलं की लेझर आपोआप बंद होणारं. त्यासाठी पैसे कमी पडत असतील तर वॅट कमी करा पण कॅबिनेट सोडू नका. मोठी कळशी आत मावत नसेल म्हणून उघड्यावर करायचं असेल तर मागच्या खोलीचं दार लावून, फक्त तुम्ही आत, आणि १०६४ साठीचा चष्मा घालून, ज्यावर तरंगलांबीची रेंज आणि ओडी (किरण किती अडवतो त्याचा आकडा) छापलेला असतो. मशीनबरोबर फुकट येणाऱ्या हिरव्या चष्म्यावर काय छापलंय ते वाचा, काहीच छापलं नसेल तर वापरू नका. मोबाईलने व्हिडिओ काढायचा मोह होतो, कॅमेऱ्याचा सेन्सरही जातो त्याने.

धूर पण. पितळेत जस्त असतं, त्याचा धूर छातीत जातो, स्टीलच्या धुरात क्रोमियम असतं ते त्याहून वाईट. नुसता पंखा लावून तो धूर दुकानभर फिरेल, फिल्टरवाला फ्यूम एक्स्ट्रॅक्टर पाहिजे नाहीतर पाईपने थेट बाहेर. बाबांचं वय बघता हे आधी करा. लॅकर (चमक टिकवणारा पारदर्शक लेप) मारलेली भांडी असतील तर लॅकर जळून आणखी घाण वास येतो, आणि कोरल्यावर ती जागा उघडी पडून काळी पडते, तिथे परत लॅकर मारावं लागेल.

लाईटचं: सिंगल फेजवर चालतं, लोड फार नाही, पण अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यातलं वायरिंग असेल तर इलेक्ट्रिशियन बोलवून नवीन अर्थिंग करा. आणि ऑनलाईन यूपीएस लावा, लाईट मधेच गेली की अर्धा कोरलेला नग वाया जातो.

हिशोबवाला

खरेदीच्या बाजूने थोडं. कोटेशन घेताना "फायबर लेझर ५० वॅट" एवढ्यावर थांबू नका, सोर्स कुठल्या कंपनीचा आणि नेमकं मॉडेल कुठलं ते लिहून घ्या, रेकस, जेपीटी, मॅक्स जे असेल ते. मोपा म्हणून विकताना पल्स विड्थची रेंज कोटेशनमध्ये लिहायला लावा, नुसतं "कलर मार्किंग मशीन" लिहिलेलं चालणार नाही. सोर्सवरचा सिरियल नंबर डिलिव्हरीच्या वेळी बिलावर टाकून घ्या. वॉरंटी सोर्सला किती, गॅल्व्होला किती, कंट्रोल कार्डला किती हे वेगळं विचारा, आणि बिघडलं तर इंजिनिअर नाशिकला येणार का मशीन तुम्हालाच पाठवावं लागणार हे सगळ्यात महत्त्वाचं. तांब्यावर काम करणार म्हणून परत येणाऱ्या किरणांपासून सोर्सला संरक्षण आहे का, म्हणजे आयसोलेटर, तेही विचारा. काम करताना आरशासारखं तांबं लेन्सच्या बरोबर मधोमध सपाट ठेवू नका, थोडं बाजूला सरकवून लावा.

मशीन बसवून झालं की त्याच दिवशी ईझीकॅडच्या अख्ख्या फोल्डरची कॉपी पेनड्राईव्हवर काढून ठेवा. त्यात तुमच्या लेन्सची करेक्शन फाईल आणि मार्कसीएफजी७ नावाची सेटिंगची फाईल असते, कॉम्प्युटर उडाला तर तीच वाचवते.

जीएसटी १८ टक्के लागेल, दुकान रजिस्टर असेल तर क्रेडिट मिळतं, म्हणून विनाबिलाच्या स्वस्त भावाला भुलू नका. पीएमईजीपीचं (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं) अनुदान कुणी सुचवेल, शहरात जनरलला १५ टक्के आणि महिला व इतर विशेष गटांना २५ टक्के असं ते असतं, पण ती योजना नवीन युनिटसाठी आहे, चालू दुकानाच्या नावावर मिळत नाही, आणि मंजुरीच्या आधी मशीन घेतलं तर हातचं गेलं. घरात कुणाला वेगळं युनिट टाकायचं असेल तर आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन सध्याची स्थिती विचारा.

आणि एक डोक्यात ठेवा, सराफ बाजार शेजारीच आहे म्हणून हॉलमार्कचं काम मिळेल असं कुणी सांगितलं तर ते सोडून द्या, एचयूआयडीचं (हॉलमार्कच्या ओळख क्रमांकाचं) मार्किंग मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रातच होतं. चांदीच्या नाण्यावर, ग्लासवर, करंड्यावर नाव टाकायचं काम मात्र तुम्हाला भरपूर मिळेल. दुपारचा रिकामा वेळ असेल तर अंबड-सातपूरच्या छोट्या व्हेंडरांना पार्ट नंबर, क्यूआर असं मार्किंग लागतं, ते काम दिसायला कंटाळवाणं पण वर्षभर चालतं.

भांडीबाजार_नाशिक

सगळ्यांचं दोनदा वाचलं, बाबांनाही वाचून दाखवलं. आम्ही असं ठरवलंय: ५० वॅट क्यू-स्विच, बंद कॅबिनेट, चक रोटरी, ११० ची लेन्स, धुराचा पाईप मागच्या गल्लीत. ६० वॅट मोपाचं कोटेशनही घेतो, फरक हप्त्यात बसणारा असेल तरच त्याचा विचार, नाहीतर रंगीत किचेन सातपूरकरांकडून. डेमोला जाताना आमचाच तांब्याचा गडू, पितळेचं ताम्हण आणि ३०४ ची पट्टी घेऊन जाणार, त्यांच्या टेबलवरचा सॅम्पल बघणार नाही, आणि घरी आणून चिंचेने घासूनच ॲडव्हान्स देणार.

अक्षरवेल ताई, बाबा "सप्रेम भेट" लिहायला बसलेत, पाच-सहा वेगवेगळ्या वळणांनी लिहितायत, कुठलं वळण घ्यायचं ते तुम्हीच सांगा. स्कॅन किती डीपीआयने करू?

अक्षरवेल_नाशिक

६०० डीपीआय, काळं-पांढरं नको, ग्रेस्केलमध्ये. आणि सगळी वळणं पाठवा, ताम्हणाच्या गोल कडेला वेगळं शोभेल आणि गडूच्या पट्ट्यावर वेगळं.

सातपूर_मार्किंग

रंगीत किचेनसाठी पत्रा घेतला की त्यातले चार-पाच तुकडे आधी माझ्याकडे आणून द्या, त्याच लॉटवर रंगांची जाळी काढून देतो, मग मोराला कुठला निळा घ्यायचा ते तुम्ही बोट ठेवून सांगा. शनिवारी आमच्याकडे लाईट बंद असते, तेवढा सोडून या.